परसातला शेजारधर्म



गेल्या चातुर्मासात दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात सप्ताहानिमित्त जाणे झाले. काल्याचे कीर्तन आटोपले, प्रसाद झाला, आणि निघण्याच्या गडबडीत एका म्हाताऱ्या माउलीने मला अडविले. म्हणाली, "महाराज, एक इचारू का? आमच्या परसात दोन वेल अन् चार झाडं हायेत. सकाळचा येळ त्यातच जाते. हरिपाठ राहून जाते. हा परमार्थ होय का परपंच?" मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिले. सावता महाराजांचे नाव घेतले, तिने नमस्कार केला, मी जीपमध्ये बसलो. पण दिग्रसपर्यंतच्या वाटेत तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. माउलीला जे उत्तर दिले ते अर्धेच होते असे वाटत राहिले. उरलेले अर्धे येथे मांडतो.

सावता महाराजांची कथा वारकऱ्यास सांगावी लागत नाही. माढे तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५, आषाढ वद्य चतुर्दशीस ते समाधिस्थ झाले. मळा हीच त्यांची पंढरी. ते पंढरीस गेले नाहीत, उलट पांडुरंगाचीच पालखी अरणास येते. आम्ही कीर्तनकार या कथेचा एकच अर्थ सांगत आलो आहोत की, नेमून दिलेले काम हीच पूजा. अर्थ खरा आहे. त्यात खोट नाही. परंतु त्या कथेत आणखी एक गोष्ट आहे, आणि तिकडे माझे लक्ष फार उशिरा गेले.

देव कूर्मदासाच्या भेटीस निघाला आहे. बरोबर ज्ञानोबाराय आणि नामदेवराय आहेत. वाटेत अरणाचा मळा लागतो. तेव्हा देव त्या दोघांना बाहेर ठेवून एकटाच मळ्यात शिरतो आणि सावता महाराजांस म्हणतो, माझ्या मागे चोर लागले आहेत, मला लपीव. मग खुरप्याने पोट चिरून देवाला आत घेतल्याची ती कथा. श्रोते त्या खुरप्यापाशी गहिवरतात. मी स्वतः तीस-पस्तीस वर्षे त्या खुरप्यापाशीच थांबत होतो. पण पाहा, मळ्यात देव कसा आला? वर देणारा होऊन आला नाही. मागणारा होऊन आला. ज्याला काही कमी नाही त्याने माळ्याच्या दारात येऊन आसरा मागितला. गीतेच्या नवव्या अध्यायातही भगवंतांनी भक्ताकडून काय अपेक्षिले आहे? पान, फूल, फळ, पाणी. या चारही वस्तू परसातल्या आहेत. सोने-नाणे त्यात नाही. देवाचे आणि भक्ताचे नाते परसातल्या मागण्याने जोडले गेले, मग माणसामाणसांचे नाते निराळ्या रीतीने कसे जोडले जाईल?

हल्ली परसबागेवर पुष्कळ बोलले जाते. ताजी भाजी मिळते, औषधे न मारलेली मिळते, पैसा वाचतो, जास्तीची भाजी शेजाऱ्याला देता येते. हे सगळे ठीक आहे. जास्तीचे देणे चांगलेच. पण मला असे दिसते की, देण्याने शेजार जुळतो हे अर्धसत्य आहे. देणारा उंच होतो आणि घेणारा खाली राहतो. वाटीभर भाजी देऊन आपण घरी येतो आणि मनात म्हणतो, मी दिली. तो 'मी' मोठा लबाड आहे. शेजार खरा जुळतो तो मागण्याने. आणि परसबागेचा मोठा गुण हा की, ती माणसाला मागावयास लावते. लागवड करून पाहिली आहे त्याला हे ठाऊक आहे. दोडक्याचे बी आपले कुजले, ते शेजारून आणावे लागते. वांग्याची रोपे आपली मर लागून गेली, शेजारच्या वाफ्यातली दहा आणावी लागतात. कुदळ एकाकडे, तर पहार दुसऱ्याकडे. मांडवाला बल्ली कमी पडते. आणि गावाला गेलो तर पाणी कोण घालणार? परस चार भिंतींच्या आत असते, पण ते चार भिंतींच्या आतल्या माणसांवर चालत नाही.

आमच्या पूर्वजांना हे चांगले कळले असले पाहिजे. भाद्रपदात आमच्या वऱ्हाडात घरोघरी महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या नैवेद्याला आंबील, पुरण, कढी, आणि सोळा भाज्या लागतात. सोळा! आता मला सांगा, कोणाच्या सांदवाडीत सोळा भाज्या असतात? एकीकडे चमकोरा असतो, दुसरीकडे बरबटी. कोहळ्याचा वेल तिसऱ्याच्या कवेलूवर चढलेला. अंबाडी शेतातून यायची. दोडकी, भेंडी, कारली, गवार एकेकीच्या परसातून. पूर्वी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी सबंध आळी या दारातून त्या दारात फिरत असे. गणपतीच्या एकवीस पत्री घ्या. शमी, मरवा, डाळिंब, हादगा, अर्जुन, जाई, केवडा. सगळे एका आवारात असणे जवळपास अशक्य. कार्तिकात तुळशीचे लग्न लागते, त्याला ऊस एकाचा, आवळा दुसऱ्याचा, चिंच-बोरे तिसऱ्याच्या झाडाची. ज्यांनी हे विधी घालून दिले त्यांना एका घरात मावतील एवढ्याच वस्तू सांगता आल्या नसत्या काय? आल्या असत्या. पण मग कोणी कोणाकडे गेले नसते. आता सोळा भाज्यांचा एकच बांधलेला वाटा बाजारात मिळतो. महालक्ष्मीला तो चालतो, तिची तक्रार नाही. दारे मात्र बंद राहतात.

येथे एक शंका येईल. शास्त्री मंडळी तर ती घेतीलच, कारण मीही पाठशाळेत बसून तेच घोकले आहे. स्मृतिकारांनी प्रतिग्रहाची, म्हणजे दुसऱ्याचे घेण्याची, निंदा केली आहे. घेण्याने तेज जाते असे सांगितले आहे. मग तुम्ही मागा म्हणता ते कसे?

शंका योग्य आहे. उत्तर असे की, प्रतिग्रह निराळा आणि उसने निराळे. प्रतिग्रहात घेणारा घेतो आणि विषय संपतो. त्याला परत काही द्यावयाचे नसते, म्हणून तो मिंधा होतो. उसन्यात विषय संपत नाही. आज तुमच्याकडून वाटीभर बी नेले, पावसाळ्याअखेर त्याची चार दोडकी तुमच्या घरी आली. ती कोणत्या भांड्यातून आली? तुमच्याच. मग तुमच्या घरातल्या माउलीने ते भांडे रिकामे परत केले काय? कधीच नाही. रिकामे भांडे परत करू नये हे आपल्या आया-आज्यांचे शास्त्र. त्यात चार मिरच्या घाला, कढीलिंबाची डहाळी घाला, काही नसले तर चिमूटभर साखर घाला. हिशेब बरोबर होऊच द्यायचा नाही. बरोबर झाला की येणेजाणे थांबले. व्यापारात हिशेब मिटला तर समाधान वाटते, शेजारात तो मिटला की समजावे काहीतरी बिनसले.

आमच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा. १९५६ च्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला. गावात शिरले की आधी खराटा, मग भाकर. फुकट खाल्ले नाही, पण भाकर मागायची लाजही धरली नाही. प्रतिग्रहाचा दोष टाळून मागावे कसे, हे मला पाठशाळेपेक्षा त्या खराट्याने अधिक नीट सांगितले.

आणि न मागता, न वाटता जो एकटाच खातो त्याच्याविषयी तर शास्त्राचा निकाल स्पष्ट आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे सतराव्या सूक्तात एकट्याने खाणारा पापाचाच धनी होतो असा अभिप्राय आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, केवळ स्वतःसाठी शिजविणाऱ्याबद्दल भगवंत तेच सांगतात.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाही तर जुने ते सगळे सोने असे कोणी समजेल. जुन्या काळी आमच्या गावांत वेल कुंपणापलीकडे जात होता, पण माणूस जात नव्हता. कोणाच्या परसातली भाजी चालायची, त्याच्या हातचे पाणी चालायचे नाही. भाजीला विटाळ नव्हता, पाण्याला होता. संतांनी वाळवंटात जे मोडले ते आम्ही गावात परत येऊन पुन्हा बांधले. तेव्हा शेजारधर्म म्हणताना माझ्या मनात आपल्याच आळीतली आपलीच माणसे नाहीत. कुंपणाला कुंपण लागले तो शेजारी, मग त्याच्या गळ्यात माळ असो वा नसो.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे वळू. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. एकेका शेतकऱ्याची पाच-पाच एकरांत पऱ्हाटी उभी असते, आणि घरातली भाजी आठवडी बाजारातून विकत येते. बाजार चुकला की डाळ, नाही तर तिखट आणि भाकर. पूर्वी पऱ्हाटीच्या पाळीत चवळी, अंबाडी, काकडी, भेंडी यांचे तास असत. बाया शेतातून येताना ओटीत भाजी घेऊन येत. तणनाशके आली आणि ते तास गेले. शेत पैशाचे झाले, मग निदान परस तरी पोटाचे राहावे. पण घरे बांधताना सिमेंट अंगणात आले आणि परसातही शिरले.

या जिल्ह्याचे नाव गेली वीस-पंचवीस वर्षे देशभर कोणत्या दुःखाने घेतले गेले ते सर्वांना ठाऊक आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. २०१५ साली सरकारने बळीराजा चेतना अभियान सुरू केले, तेही यवतमाळ आणि त्या वेळचे उस्मानाबाद येथे. परसात चार वेल लावले की कर्ज फिटेल असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे दुःखाची थट्टा होईल. कर्ज कर्जाच्या उपायानेच फिटेल. मी एवढेच पाहिले आहे की, अशा घरी सांत्वनाला गेलो म्हणजे शेजारी खालच्या मानेने म्हणतात, "आमाले माहीतच नाही पडलं जी." भिंतीला भिंत लागून घर, आणि माहीत पडले नाही! एखाद्या घरची चूल दोन दिवस पेटली नाही, एखादा माणूस चार दिवस बाहेर आला नाही, हे कागदाला कळत नाही. ते कुंपणापाशी कढीलिंब मागायला गेलेल्या बाईला कळते.

२०२० साल आठवा. करोनामुळे पायी वारी निघाली नाही, मानाच्या पादुका एस.टी.च्या बसने पंढरीस गेल्या. आम्हा वारकऱ्यांच्या जन्मात असा आषाढ आला नव्हता. आठवडी बाजार बंद होते. त्याच वर्षी उमेद अभियानाने बचत गटांच्या बायांना धरून 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम काढली. गोल आळी, मधे खड्डा, कडेने पालेभाजी, काठावर शेवगा, पपई, कढीलिंब, अशी ती रचना. त्यांचा हेतू पोषणाचा, आणि तो योग्यच आहे. लेकुरवाळ्या बाईच्या ताटात हिरवे पान आले तर पांडुरंग संतुष्टच होईल. पण मला दुसरेच दिसले. तोंडाला फडके बांधलेली माणसे, चार हात लांब उभी, आणि कुंपणावरून भोपळा इकडून तिकडे चाललेला. माणसाने माणसाला शिवायचे नाही अशा दिवसांत फळाने शिवाशिव केली.

इथवर कीर्तन झाले. आता कीर्तनकाराचे ऐका.

यवतमाळात माझे घर आहे, मागे लहानसे परस. कुंपणाशी मुंगन्याचे झाड. (पुण्या-मुंबईकडचे वाचक शेवगा समजोत.) त्याची एक जाड फांदी शेजाऱ्याच्या आवारात जाई. पालापाचोळा त्याच्या न्हाणीच्या पत्र्यावर पडे, पन्हाळ तुंबे. त्याने दोन-तीनदा सांगितले. मी 'बघू' म्हणालो आणि सप्ताहाला निघून गेलो. परत आलो तो फांदी छाटलेली, तीही शेंगांनी लगडलेली असताना. मी कुंपणाशी उभा राहून जे बोललो ते कोणत्याही माळकऱ्याच्या तोंडी शोभणारे नव्हते. तोही बोलला. तो जिनिंगवर कामाला जाणारा सरळ माणूस, गळ्यात माळ नाही, कीर्तनाला कधी येत नाही. मी मनात त्याच कारणाने त्याला कमी लेखत होतो, हेही आता कबूल करतो. तीन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या तीन वर्षांत सावता महाराजांच्या पुण्यतिथीला माझी तीन कीर्तने झाली. मळा, मोट, खुरपे यांवर मी श्रोत्यांना रडविले आणि घरी येताना शेजाऱ्याच्या फाटकापुढून मान फिरवून गेलो.

मग २०१८ चा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली. पंधरा-पंधरा दिवस नळ कोरडे. टँकर आला की ड्रम घेऊन धावायचे, रात्री दोनला आला तर दोनला. त्या दिवसांत पाण्यावरून सख्ख्या भावांत भांडणे झालेली मी पाहिली आहेत. आणि आम्ही दोघे, मी आणि आमचे कुटुंब, पाडव्यानंतर चैत्री वारीस निघालो. पंढरीहून पुढे एक सप्ताह होता. घराला कुलूप. निघताना कुटुंब वृंदावनापाशी थांबले. तुळशीला तांब्याभर पाणी घालून म्हणाले, "हिचं आता काय?" मी म्हणालो, "तिची तीच समर्थ आहे." वेदान्त अशा वेळी फार उपयोगी पडतो.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी परतलो. अंगणात धूळ, कुंड्यांतली शेवंती जळून काडी झालेली, कढीलिंबाने पाने टाकलेली. मागे गेलो. वृंदावनात तुळस हिरवी. नुसती जिवंत नव्हे, तर मंजिऱ्या धरलेली. मातीला हात लावला तो ओल. मला आधी, खरे सांगतो, चमत्कारच वाटला. चार ओळींचा दृष्टान्तही मनात तयार झाला. तेवढ्यात कुटुंबाने कुंपणाकडे बोट दाखविले. काट्या बाजूला सारून हात जाईल एवढे भगदाड पाडले होते. पलीकडे एका दगडावर पितळी तांब्या उपडा घातलेला.

शेजाऱ्याची लहान मुलगी अंगणात खेळत होती. ती म्हणाली, "बाबा रोज घालते. आमच्या डरमातलं."

ड्रममधले! ज्या ड्रमसाठी तो रात्री दोनला उठत होता.

मी अंगरखा घातला, उपरणे घेतले. कुटुंबाने विचारले, "कुठे?" म्हटले, "आभार मानून येतो." तिने मला थांबविले. ती शिकलेली नाही, पण आमच्या घरातला उत्तरपक्ष नेहमी तिचाच असतो. म्हणाली, "आभार मानाल आन् मोकळे व्हाल. तसं नका करू. काही तरी मागून आणा."

मला ते अवघड गेले. वाचकहो, व्यासपीठावर उभे राहून हजार माणसांना उपदेश करणे सोपे आहे. तीन वर्षे अबोला धरलेल्या माणसाच्या दारात उभे राहून काय मागावे तेच सुचत नव्हते. तो पायरीवर बसला होता. मला पाहून उठला. मी हात जोडून एवढेच म्हणालो की, तुम्ही आमची तुळस राखली. तो म्हणाला, "महाराज, माहा झगडा तुमच्यासंगं होता. तुळशीनं माहं काय बिघडवलं?"

मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मी म्हणालो, "तुमच्या परसात बरबटी असते. मूठभर बी द्याल काय? मृगात लावीन." तो आत गेला. मला वाटले आता येत नाही. आतून भांडी सरकविल्याचा आवाज आला. मग एक गाडगे घेऊन तो बाहेर आला, राखेत हात घालून बी काढले, फुंकून माझ्या ओंजळीत घातले आणि म्हणाला, "दाट नका लावू. मांडव उंच करजा." मग मांडवावर, किडीवर, राखेवर, बेंबळ्याच्या पाण्यावर, जिनिंगवर असे बोलणे निघाले ते चहा येईपर्यंत चालले.

दारव्ह्याकडच्या त्या माउलीला मी हे सांगायला हवे होते. तिचा हरिपाठ कमी पडतो तो पडू नये, पाणी घालता घालता म्हणावा, मोटेवर म्हणत होते तसा. पण तिने मला विचारले परमार्थ की प्रपंच, तेव्हा मी उलट विचारायला हवे होते की, माउली, तुझ्या वेलाचे बी तू कोणाकडून आणलेस? आणि तू वारीस जातेस तेव्हा पाणी कोण घालते?

असो. आता दरसाल वारीला निघताना किल्ली शेजारी असते, भगदाडाच्या जागी लाकडी फाटकुली बसविली आहे. ती कोणी बसविली यावर आमच्या दोघांत अजून एकमत नाही. खिळे माझे, पाट्या त्याच्या. मुंगन्याची फांदी यंदा पुन्हा त्याच्या पत्र्यावर गेली आहे. त्याच्या बाजूच्या शेंगा तो काढतो, माझ्या बाजूच्या मी. परवा तो म्हणाला, शेंगा संपल्या की छाटू. मी शिडी मागितली आहे.